ट्रायकोकार्डवरचे ते काळे ठिपके म्हणजे नक्की काय?

मागच्या मार्चमध्ये मामांचा फोन आला तोच चढ्या आवाजात. वाळवा तालुक्यात त्यांचा दोन एकर सुरू ऊस आहे, लावणीला दीडेक महिना झालेला, मधेमधे पोंगे, म्हणजे उसाचे मधले कोवळे शेंडे, वाळायला लागले होते म्हणून कुणाच्यातरी सांगण्यावरून त्यांनी दोन ट्रायकोकार्डं, म्हणजे कीड आवरायला शेतात लावायची अंडी चिकटवलेली कार्डं, आणली होती. ‘अगं त्या कार्डात काय बी न्हाई, नुसती खसखस चिकटवून दिल्यात आन् पैसं घेतल्यात.’ मी विचारलं, मामा कार्डं आणली कधी? तर सोमवारी. आणि फोन आला शनिवारी. मधे पाहुण्यांकडं लग्न होतं म्हणून पिशवी गाठ मारून गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. म्हटलं पिशवीच्या तळाला काही दिसतंय का बघा जरा. ‘हाय की, मिरपूड सांडल्यागत कायतरी हाय.’

मामा, ती मिरपूड म्हणजेच माश्या होत्या. जवळपास ४०,०००. पिशवीतच जन्मल्या आणि पिशवीतच मेल्या.

आता मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही, बीएस्सी ॲग्री करून बँकेत लागलेल्या हजारो लोकांपैकी एक आहे, पण कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर मी जैविक कीड नियंत्रणाच्या लॅबमध्ये पतंगाची अंडी चाळण्यात घालवलंय आणि तेव्हापासून आमच्या घराण्यातल्या प्रत्येक रोगट पानाचा फोटो आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

तर या किड्याचं नाव ट्रायकोग्रामा. मराठीत वेगळं नाव नाही, डोळ्याला धड दिसतच नाही त्याचं बारसं कोण करणार. शेतकरी सरसकट ‘ट्रायको’ म्हणतात आणि मग हमखास ट्रायकोडर्माशी घोळ होतो, तर ती ट्रायकोडर्मा म्हणजे बुरशी, पावडरीत मिळते, मुळाच्या रोगांसाठी वापरतात, तिचा नि याचा काही संबंध नाही. ट्रायकोग्रामा ही चक्क गांधीलमाशी आहे. म्हणजे घराच्या वळचणीला पोळं करणारी आणि पोरांना पळवणारी जी असते ना, तिचीच लांबची बहीण, फक्त लांबी अर्धा मिलिमीटर. कंपासपेटीतली पट्टी काढा, त्यावरची एक मिलिमीटरची फट बघा, तेवढ्या जागेत दोन माश्या एकीमागे एक उभ्या राहतात.

आपल्याला गांधीलमाशी म्हटलं की नांगी आठवते पण ती नांगी मुळात अंडी घालायची नळी आहे, पोळं करणाऱ्या मोजक्या जातींनी पुढे तिचं हत्यार केलं, म्हणून तर चावतात त्या फक्त माद्याच. ट्रायकोग्रामाची नळी अजून मूळच्या कामालाच आहे, माणसाला ती टोचूच शकत नाही. आणि गंमत म्हणजे गांधीलमाश्यांच्या जगात पोळं करून डंख मारणाऱ्याच अल्पसंख्य, बाकीच्या बहुतेक जाती अशाच दुसऱ्या किड्यांच्या जिवावर पोरं वाढवणाऱ्या, त्या आपल्या वाटेला जात नाहीत म्हणून आपल्याला ठाऊक नसतात एवढंच. नावाचा अर्थ साधा आहे, ग्रीकमध्ये ‘केस’ आणि ‘रेघ’, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पंख पाहिला तर त्यावर केसांच्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. १८३३ मध्ये वेस्टवूड नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. आज या एकाच कुळीत दोनशेच्या वर जाती माहीत आहेत आणि त्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की ओळख पटवायला नराचं जननेंद्रिय काचपट्टीवर ठेवून बघावं लागतं, आता बोला.

पुढे जायच्या आधी एक शब्द साफ करू. आपण सगळ्याला ‘परजीवी’ म्हणतो, पण गोचीड गाईचं रक्त पिते आणि गाय जिवंत राहते, राहावीच लागते, गाय मेली तर गोचिडीचं कसं होणार. ट्रायकोग्रामाचा हिशोब वेगळा आहे. ती ज्याच्यात वाढते त्याला संपवूनच बाहेर पडते. पोटात शिरलेली भाडेकरू म्हणा, जी भाडं देत नाही, घरमालकाला खाते आणि जाताना भिंतीला भोक पाडून जाते. आणि तिचं घर म्हणजे पतंगाचं किंवा फुलपाखराचं एक अंडं. अख्खी अळी नाही, कोष नाही, फक्त अंडं. या किड्याबद्दल जे जे काही विचित्र वाटेल, त्याचा आकार, त्याची लग्नं, त्याचे नखरे, ते सगळं या एका गोष्टीतून येतं की त्याचं सगळं बालपण एका बंद डब्यात जातं आणि त्या डब्यात मागाहून काहीही वाढलं जात नाही.

मादीला हा डबा सापडतो कसा? वासानं. पतंग अंडी घालायला पानावर बसला की त्याच्या पंखांवरची ती पावडर, म्हणजे खवले, थोडीफार पानावर सांडतेच. तो वास लागला की ट्रायकोग्रामा उडणं सोडून चालायला लागते, जवळजवळ वळणं घेत पान विंचरून काढते. अंडं सापडलं की त्यावर चढते आणि मिशांनी टकटक टकटक करत फिरते. मी हे पहिल्यांदा लॅबमध्ये पाहिलं तेव्हा मला भाजीवालीकडं नारळ वाजवून बघणारी आमची आजी आठवली, हुबेहूब तेच.

ही टकटक म्हणजे मोजमाप असतं. १९८० च्या दशकात स्मिट आणि स्मिथ या दोघा संशोधकांनी हे बारकाईनं तपासलं आणि त्यांच्या लक्षात आलं की मादी अंड्यावरच्या पहिल्या फेरीला किती वेळ लागला यावरून अंडं केवढं आहे ते ठरवते. वाटेत अडथळा घालून फेरी लवकर संपवली तर ती अंडं लहान समजून कमी अंडी घालते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या किड्याच्या डोक्यात स्टॉपवॉच आहे, आणि ते स्टॉपवॉच सांगतं त्यावर ठरतं की या डब्यात एकाचं जेवण आहे की चौघांचं. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यात बहुतेक वेळा एकच, उसाच्या खोडकिड्याच्या, म्हणजे मामांचे पोंगे वाळवणाऱ्या त्या किडीच्या, अंड्यात एखाददुसरं, आणि मोठाल्या पतंगांच्या टपोऱ्या अंड्यात अख्खी पंगत बसते.

मोजून झालं की ती मागची नळी टेकवते आणि कवचातून आत घालते. काही मिनिटं लागतात. या वेळी तिला लेन्समधून बघत राहिलं तर पोट बारीक बारीक हलताना दिसतं. आपल्या उसात सोडतात तीच जात, ट्रायकोग्रामा चिलोनिस, तिच्यावर जपानी संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की पोटाच्या त्या हालचालीत एक क्षणभर थांबा आला तर मुलगी आणि न थांबता काम उरकलं तर मुलगा. बाहेर बसून नुसतं बघून सांगता येतं.

हे कसं काय, तर मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या या सगळ्या खानदानात बाप असणं हे फक्त मुलींच्या वाट्याला येतं. मादीनं समागमानंतर नराचं बीज एका छोट्या थैलीत साठवून ठेवलेलं असतं. अंडं सरकताना थैली उघडली, बीज मिळालं, तर मुलगी. थैली बंद ठेवली तर मुलगा, बिनबापाचा, आईच्या अर्ध्याच गुणसूत्रांवर चालणारा. पोट थांबतं तो क्षण म्हणजे थैली उघडण्याचा. तर आई ठरवते, अक्षरशः प्रत्येक अंड्याला ठरवते.

आणि ती ठरवते तेही फार हिशोबानं. मुलगे कमी, मुली जास्त. कारण बघा, त्या डब्यातून किंवा शेजारशेजारच्या डब्यांतून बाहेर पडणारे बहुतेक सगळे भावंडंच असतात. नर आधी बाहेर येतात आणि बहिणी बाहेर पडायची वाट बघत तिथेच घुटमळतात, लग्न तिथेच होतं, दारातच. आपल्याला कसंसंच होतं ऐकून पण किड्यांना गोत्र नसतं. आता एकाच घरात लग्नं लागणार असतील तर आईनं दहा मुलगे जन्माला घालून त्यांना आपसात भांडायला लावण्यात काय हशील, एकदोन मुलगे सगळ्या बहिणींना पुरतात, उरलेलं अन्न मुलींवर खर्च केलं तर पुढच्या पिढीत नातवंडं जास्त. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये हे गणित मांडलं आणि अशा भावंडांत लग्नं लागणाऱ्या किड्यांत ते मस्त जुळतं.

काही ठिकाणी तर मुलगेच नाहीत. ट्रायकोग्रामाच्या काही जातींत अशी घराणी आहेत की पिढ्यानपिढ्या सगळ्या मुलीच, समागम नाही, काही नाही. लोकांना वाटायचं ही जातच तशी. १९९० मध्ये स्टाउथॅमर आणि मंडळींनी या माद्यांना अँटिबायोटिक घातलेला मध पाजला आणि पुढच्या पिढीत चक्क नर जन्माला यायला लागले! म्हणजे मुली होणं हा आजार होता, म्हणजे आजार तरी कसं म्हणायचं, त्यांच्या पेशींमध्ये वोल्बाकिया नावाचे जिवाणू बसलेले होते. हे जिवाणू आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातात, नराच्या बीजातून जाऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं मुलगा म्हणजे वाया गेलेलं पोर. म्हणून ते बीज न मिळालेल्या अंड्यातली अर्धी गुणसूत्रं दुप्पट करून टाकतात आणि जो मुलगा होणार होता त्याची मुलगी होते. परजीवीच्या आत परजीवी, आणि तो घरातली पोरं ठरवतोय. मला कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होते, या वाक्याला जागी झाले.

बरं, अंड्यात पुढं काय होतं. एखाद्या दिवसात आतली अळी बाहेर येते, बाहेर म्हणजे पतंगाच्या अंड्याच्या आतच, आणि जे काही बलक असेल, पतंगाचा होऊ घातलेला गर्भ असेल, ते सगळं पिऊन टाकते. पिणं हाच शब्द बरोबर आहे, फुगलेल्या पिशवीसारखी दिसते ती, पाय नाहीत, डोळे नाहीत. तिसऱ्या चौथ्या दिवशी तिची वाढ पूर्ण होत आली की अंड्याच्या कवचाला आतल्या बाजूनं काळा थर बसतो आणि पांढरट पिवळं अंडं काळंकुट्ट होतं. हाच तो मामांचा ‘खसखशीचा’ काळा रंग. म्हणजे कार्ड काळं दिसतंय याचा अर्थ आत पतंग मेलाय आणि माशी तयार होतेय, कार्ड पांढरं राहिलं तर समजायचं त्या अंड्यांत माशी गेलीच नाही. आतच कोष होतो आणि आठव्या ते दहाव्या दिवशी माशी कवचाला दातांनी एक गोल, नीटस भोक पाडून बाहेर पडते. उकाडा असेल तर लवकर. लाल डोळे, पिवळसर अंग, पंखांच्या कडेला झालर. मामांच्या कार्डवरच्या प्रत्येक दाण्याला असं भोक होतं, मी फोटो मागवून, झूम करून बघितला.

पोटाला जेवढं मिळालं तेवढंच शरीर होणार हा नियम इतका कडक आहे की लहान अंड्यातून आलेली मादी लहान आणि मोठ्या अंड्यातून आलेली मोठी, एकाच आईच्या असल्या तरी. सगळ्यात भन्नाट उदाहरण ट्रायकोग्रामा सेंब्लिडिस या जातीचं, केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्टनं १९३७ मध्ये लिहून ठेवलेलं. याच जातीचे नर पतंगाच्या अंड्यात वाढले की त्यांना पंख असतात आणि पाण्याकाठच्या अल्डरफ्लाय नावाच्या किड्याच्या अंड्यात वाढले की पंखच नसतात, मिशा नि पायसुद्धा वेगळे. तेच आईबाप, तीच गुणसूत्रं, फक्त डबा बदलला. दोन नर शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल या दोन वेगळ्या जाती आहेत.

लहानपणाची गोष्ट निघालीच आहे तर ट्रायकोग्रामाच्याच कुटुंबातली एक मेगाफ्रॅग्मा म्हणून आहे, तिची लांबी ०.२ मिलिमीटर. हा आकार एकपेशीय पॅरामेशियमएवढा, म्हणजे शाळेत जो चपलेसारखा जीव काढायचो तेवढा, आणि त्यात डोळे, पंख, पाय, आतडं, मेंदू सगळं बसवलंय. बसवलंय कसं, तर तडजोड करून. मॉस्कोच्या अलेक्सी पोलिलोव्हनं २०१२ च्या सुमाराला दाखवलं की हिच्या सगळ्या मज्जासंस्थेत मिळून साधारण ७,४०० पेशी आहेत, मधमाशीच्या मेंदूत साडेआठ लाखांच्या आसपास असतात. आणि कोषातून बाहेर यायच्या आधी त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त पेशी आपलं केंद्रकच टाकून देतात. केंद्रक म्हणजे पेशीचं ऑफिस. जागा नाही म्हणून ऑफिसच मोडीत काढलं, तरी ही बाई काही दिवस उडते, जोडीदार शोधते, अंडं शोधते. याहून बारीक किडा अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सापडला, दुसऱ्या कुटुंबातल्या डिकोपोमॉर्फा नावाच्या अंडेखाऊ गांधीलमाशीचा नर, ०.१३९ मिलिमीटर, आंधळा आणि बिनपंखी. जन्मल्याजागी बहिणीशी लग्न करायचं एवढंच काम, डोळे कशाला हवेत.

एवढ्या लहान अंगाला हवाही आपल्यासारखी वाटत नाही. आपल्याला हवा म्हणजे काहीच नाही, त्यांना ती काकवीसारखी दाट लागते, त्यामुळे विमानासारखा ताठ पंख पसरून तरंगणं जमत नाही. १९७३ मध्ये वाइस-फॉघ या डॅनिश शास्त्रज्ञानं एन्कार्शिया नावाच्या अशाच बारक्या माशीचं उडणं अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. ती पंख पाठीवर टाळी वाजवल्यासारखे एकमेकांना चिकटवते आणि मग पुस्तक उघडावं तसे फटकन उघडते, मधे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या भोवऱ्यातून वर उचलली जाते, सेकंदाला सुमारे ४०० वेळा. तरीही वाऱ्यापुढं हिचं काही चालत नाही. ट्रायकोग्रामाचंही तसंच, स्वतःच्या बळावर ती कार्डापासून दहाएक मीटरच्या टापूत काम करते, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लांब जायचं असेल तर मग रिक्षा पकडायची. ट्रायकोग्रामा ब्रॅसिकी ही जात कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अंगावर बसून प्रवास करते. पण कुठल्याही फुलपाखरावर बसून कसं चालेल, नरावर बसली तर तो अंडी थोडीच घालणार, आणि कुमारी मादीवर बसली तर अंडी कधी होतील कोण जाणे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये शोधलं ते असं की या फुलपाखराचा नर समागमाच्या वेळी मादीच्या अंगाला एक वास लावून जातो, म्हणजे दुसऱ्या नरांनी हिच्या मागं लागू नये, ही आता माझी झाली. ट्रायकोग्रामा नेमका तोच वास ओळखते. या बाईचं लग्न झालंय, ही आता अंडी घालायला निघालीय, बसा. नवऱ्यानं लावलेलं कुलूप चोराला घराचा पत्ता सांगतंय.

आता कार्डाकडं येते. शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे १९२० च्या दशकात, कॅलिफोर्नियात स्टॅनली फ्लँडर्सनं धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हजारोंनी वाढवायची पद्धत बसवली आणि तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला. आपल्याकडं यासाठी वापरतात तो कोर्सायरा, म्हणजे तुमच्या घरातलाच, रव्याला नि तांदळाला जी जाळी धरते आणि डबा उघडला की करड्या रंगाचा पतंग तोंडावर येतो ना, तोच. बायका ज्याला शिव्या घालतात त्याला आम्ही लॅबमध्ये भरडलेली ज्वारी, वर शेंगदाण्याचं कूट आणि यीस्ट घालून पाहुण्यासारखं वाढवत होतो. लाकडी पेट्या, वर कापड, आणि साधारण दीड महिन्यात पतंग बाहेर. ते पतंग जाळीच्या भांड्यात कोंडायचे, रात्रीतून खाली अंडी पडतात आणि त्यासोबत पडतो पंखांवरच्या खवल्यांचा पसारा. ती धूळ नाकात जाते. तोंडाला फडकं बांधूनही संध्याकाळपर्यंत शिंका थांबायच्या नाहीत, आमच्या बॅचमधल्या एका मुलीला दम लागायला लागला म्हणून तिनं विषयच बदलला. मित्रकीटक मित्रकीटक म्हणतात पण त्यामागं कुणाची तरी नाकं गेलेली असतात.

अंडी चाळून पोस्टकार्डासारख्या जाड कागदावर डिंक लावून भुरभुरायची. त्याआधी किंवा लगेच नंतर अतिनील दिव्याखाली पाऊणेक तास ठेवायची म्हणजे आतला पतंगाचा जीव मरतो पण माशीला खायला माल ताजा राहतो, हे केलं नाही तर ज्या अंड्यात माशी गेली नाही त्यातून अळ्या निघतात आणि शेजारची काळी अंडी चट्टामट्टा करतात. मग ते कार्ड मोठ्या पिशवीत किंवा बरणीत, आधीच्या पिढीच्या कार्डाच्या एका तुकड्याबरोबर बंद करायचं. माश्या निघतात, नव्या अंड्यांवर चढतात, टकटक, आणि चारेक दिवसांत कार्ड काळं. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी, मोजून नाही हो, मापानं, एक सीसीला एवढी असा हिशोब. काळं झालेलं कार्ड फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात दोनतीन आठवडे झोपून राहतं. गोठ्यातल्या खुंटीला राहत नाही.

उसासाठी शिफारस हेक्टरी ५०,००० माश्यांची, म्हणजे एकराला एक कार्ड, आणि दर दहा दिवसांनी पुन्हा, असं चारपाच वेळा. कार्डावर रेघा मारलेल्या असतात, त्यावर कापून पट्ट्या करायच्या आणि स्टेपलरनं किंवा दोऱ्यानं पानाच्या खालच्या बाजूला लावायच्या. खालच्या बाजूला का, तर ऊन नि पाऊस लागू नये. पट्ट्या सगळ्या रानात पसरून का, तर दहा मीटर आठवतंय ना. सगळ्या पट्ट्या बांधाकडेच्या चार सरीत लावून ‘कार्ड लावलं’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. संध्याकाळी किंवा भल्या सकाळी लावायचं, भर दुपारी नाही. मुंग्यांवर लक्ष ठेवायचं कारण मुंग्यांना ही आयती शेव मिळाल्यासारखी असते. आणि मागंपुढं आठवडाभर तरी कीटकनाशक मारायचं नाही, कारण औषधाला कोण मित्र नि कोण शत्रू हे कळत नाही, एवढ्याशा जिवाला तर नुसता फवारणीचा वारा पुरतो.

पण खरी मेख वेळेत आहे आणि तिथंच बहुतेकांचं चुकतं, मामांचं तर पिशवीच्या आधीच चुकलं होतं. ट्रायकोग्रामा फक्त अंडं मारते. अळीला ती काही करू शकत नाही, अळीपुढं ती म्हणजे बैलापुढं डास. खोडकिड्याचं अंडं चारसहा दिवसांत फुटतं, अळी थोडे दिवस पानाच्या आवरणात घालवते आणि मग बुडाशी भोक पाडून खोडात शिरते, पोंगा आतून कुरतडते, तो वाळतो, ओढला की सहज हातात येतो आणि घाण वास मारतो. म्हणजे वाळलेला पोंगा दिसला तेव्हा ज्या अंड्यासाठी कार्ड हवं होतं ते फुटून पंधरवडा झालेला असतो. कार्ड म्हणजे ताप आल्यावर घ्यायची गोळी नव्हे, पतंग उडायला लागले की, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग दिसायला लागले की लावायची गोष्ट आहे. दुकानात हे कुणी सांगत नाही, औषधाच्या बाटलीसारखं कार्ड हातात देतात, आणि मग ‘रिझल्ट नाही’ म्हणून बोंब होते.

सगळीकडं चालते असंही नाही. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडं आली, तिची मादी अंड्यांचा पुंजका घालते, कधी थरावर थर, आणि वरून अंगावरच्या केसांची गोधडी घालते. ट्रायकोग्रामाला वरच्या उघड्या अंड्यांपर्यंतच पोचता येतं, खाली शिरता येत नाही, तिथं टेलेनोमस रेमस नावाची दुसरी अंडेखाऊ माशी जास्त कामाची ठरते. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी वेगळी जात, भातात खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम. जात चुकली तर पैसे गेले.

आणि दरवेळी नव्यानं सोडावं का लागतं असं मामांनी विचारलं, रास्त प्रश्न आहे. २०१० मध्ये पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये नावाची अशीच बारकी माशी भारतात आणली, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रात सोडली, आणि ती इथं टिकली, स्वतःच पसरत गेली, ढेकूण आटोक्यात आला. ट्रायकोग्रामाचं तसं होत नाही. ती आपल्या रानात मुळातच असते, पण थोडी असते, आणि पतंगांची संख्या वाढेपर्यंत तिची वाढत नाही, तिला उशीर होतो. कार्ड लावून आपण तिचा तो उशीर भरून काढतो, म्हणजे पाहुणे जास्त आले म्हणून शेजारणींना पोळ्या लाटायला बोलवावं तसं. काम झालं की त्या आपापल्या घरी.

तर मामांनी दुसऱ्यांदा कार्डं आणली, या वेळी आणल्या दिवशी संध्याकाळीच लावली, मग दहा दिवसांनी परत. एप्रिलमध्ये मी गावी गेले तेव्हा मोबाईलला लावायची तीनशे रुपयांची क्लिपवाली लेन्स घेऊन गेले होते. तासभर वाकून पानं पालथी करत फिरलो. शेवटी एका पानाच्या खाली, मधल्या शिरेजवळ, कौलं रचल्यासारखी एकावर एक सरकलेली खोडकिड्याची अंडी सापडली, तीन ओळी, चाळीसेक असतील. कडेची पाचसहा दुधाळ, त्यातल्या दोनतीनांत मधे एक टिंब दिसत होतं, ते अळीचं डोकं, ती आता फुटणार. बाकीची अंडी अख्खी काळी, चकचकीत. एकाला भोक पडलेलं. मामांनी लेन्समधून बघितलं, पुन्हा बघितलं, ‘हे आपल्या कार्डातलं?’ म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत पान टचकन तोडून खिशात घातलं, पारावर दाखवायला.

‘मामा, त्या अजून आत आहेत.’

मग ते परत फिरले, त्याच सरीत गेले, आणि पान शेजारच्या उसाच्या बेचक्यात, अंडी खालच्या बाजूला येतील असं बघून, अडकवून आले.